बदकाचं स्टिकर

डॉक्टरमावशींच्या सत्काराला मी पुढच्या रांगेत बसले. लहानपणी सावत्र बापाच्या तावडीतून मला त्यांनीच सोडवलं. आता मुलांच्या छळावर त्यांचे ढीगभर शोधनिबंध छापून आलेत; टाळ्या वाजवून माझे हात दुखले. तेवढ्यात पडद्यावर उघडी पाठ आली: इस्त्रीचा त्रिकोणी चटका, शेजारी मोजमापासाठी धरलेली पिवळी पट्टी, पट्टीवर बदकाचं स्टिकर. रडू थांबावं म्हणून मला ते चिकटवू देत मावशी म्हणाल्या होत्या, “फोटो फक्त कोर्टासाठी हं, बाळा. कुणालाही दाखवणार नाही, तुझी शपथ.” जी पाठ मी सख्ख्या बहिणीलाही दाखवली नाही, ती अख्खं सभागृह माना उंचावून बघत होतं. “हा फोटो छापलेल्या निबंधानंच माझं नाव झालं,” मावशी अभिमानानं म्हणाल्या. चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्या हसल्या. “कोण गं तू? चेहरा काही ओळखीचा वाटत नाही.”