दोन मतांची वजाबाकी

"शब्द दिला होतास तू!" मर्डो कुंपणाच्या अलीकडून ओरडला. "आज कुठंही जायचं नाही. ना तू, ना मी."

टोबायसनं गाडीला घोडी जुंपली होती. अंगात चर्चला जायचा कोट. मतदानाचं गाव पंधरा मैलांवर, वाट सगळी चिखलाची, आणि हा शहाणा सकाळीच नटूनथटून शेजाऱ्याच्या दारात हजर.

"त्या शब्दातून मोकळं कर मला," टोबायस म्हणाला. "दोघंही जाऊ. माझ्याच गाडीतून."

"कशाला? तू माझं मत मारायला, नि मी तुझं? ती काय, घरी बसूनही मरतायत."

सौदा साधा होता. न्यू साउथ वेल्सच्या पार्लमेंटची ही नव्या शतकातली पहिली निवडणूक. मर्डो गिलीस मजूर पक्षाचा, तर टोबायस पेन्रोज विरुद्ध बाजूचा. त्या बाजूनं इतक्यांदा नाव बदललं होतं की पक्षाचं सध्याचं नाव सांगताना टोबायसचीही त्रेधा उडायची. पण मजुरांना विरोध मात्र पक्का. एकाचं मत दुसऱ्याच्या मतानं कापलं जाणार, मग दोघांनी दिवस का मोडायचा? कुंपणावरून हात मिळवायचा आणि त्या दिवशी आपापल्या मेंढ्या बघायच्या. त्या मुलखात असे जोडीदार पुष्कळ होते, आणि दिला शब्द कुणी मोडत नसे. टोबायस तर नाहीच नाही.

सौदा काढला होता मर्डोनं. फ्लिन निवडून यायलाच हवा होता त्याला. मजूर पक्षाच्या या फ्लिननं ओढ्यावर पूल बांधायचं कबूल केलं होतं. दोन वर्षांपूर्वी ओढा फुगला, डॉक्टर पलीकडच्या काठावर अडकला आणि या काठावर मर्डोची बायको जीन उपचारांविना गेली. समोरचा उमेदवार हॅरिंग्टन भर सभेत म्हणाला होता, चार घरांसाठी कसला आलाय पूल! मर्डोच्या मेंढ्या नेमक्या आताच व्यायला आलेल्या. त्याला जायला जमेलच याची खात्री नव्हती. टोबायस मात्र गाडीघोडीवाला, जाणारच. त्याला घरी बांधून ठेवलं म्हणून मर्डो मनातल्या मनात खूश होता.

आणि आता हा असा दारात. मर्डोला काही उमजेना. तसं टोबायसचं गेले काही दिवस काहीतरी बिनसलंच होतं. रोज संध्याकाळी तो मर्डोकडे यायचा, त्याचाच चहा प्यायचा आणि त्याच्याच पक्षाचा उद्धार करायचा. मर्डोही सव्याज परतफेड करायचा. पण हल्ली टोबायस बोलता बोलता मध्येच थांबे. एकदा तर तो म्हणाला, "फ्लिन बोलतो बाकी छान," आणि लगेच पाइप पेटवायला लागला. पाइप पेटलेलाच होता. भांडणातलं त्याचं लक्ष उडालं होतं, पण येणं काही चुकत नव्हतं.

"नाही सोडणार तुला," मर्डो म्हणाला. "काहीतरी काळंबेरं आहे तुझ्या मनात."

टोबायसनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो घोडी सोडायला लागला.

"येईल म्हणा फ्लिन," तो पुटपुटला. "सहज येईल."

"तुला रे काय त्याचं?"

मर्डो डोकं खाजवत मेंढ्यांकडे गेला.

निकाल टपालवाल्यानं आणला. संध्याकाळची वेळ, दोघं चहा घेत बसले होते. घोड्यावरून न उतरताच तो ओरडला, "हॅरिंग्टन! एका मतानं!" आणि पुढच्या घराकडे गेला.

पूल गेला. निदान आणखी तीन वर्षं तरी गेला. जीनसाठी एवढं एक करायचं होतं, तेही हातून झालं नाही. मर्डो स्वतःचीच समजूत घालायला लागला.

"आपण गेलो असतो तरी तेच. तुझं एक, माझं एक. वजा जाता शून्य. हस की लेका! जिंकलास."

"मी फ्लिनला देणार होतो," टोबायस म्हणाला.

"काय बडबडतोयस? कधीपासून?"

"जीनला पुरलं त्या दिवसापासून."

"म्हणजे दोन वर्षं? दोन वर्षं इथं बसून, माझा चहा पिऊन, माझ्याच पक्षाला..." मर्डोला एकाच वेळी दहा गोष्टी विचारायच्या होत्या, धड एकही जमेना. मग हिशेब त्याच्या ध्यानात आला आणि तो ताडकन उठला. "अरे, दोन मतं! दोघं गेलो असतो तर फ्लिन आला असता! दारात उभा होतास तू माझ्या. 'मी तुझ्या बाजूचा आहे' एवढंच म्हणायचं होतंस. जीभ झडली होती का तुझी?"

"फ्लिन येईल असंच वाटलं रे मला. माझं चुकलं."

"पण बोलला का नाहीस?"

टोबायसनं कप खाली ठेवला.

"जीन गेली आणि तुझं बोलणंच गेलं. पाद्री आले, तुझी बहीण आली, मी रोज येऊन बसलो, तू 'हूं' सुद्धा केलं नाहीस. म्हटलं, हा पण जातो आता. मग एका संध्याकाळी मी मजूर पक्षाला एक सणसणीत शिवी हासडली, आणि तू बोललास, मर्डो."