गाउनची आतली बाजू

गाउन टेबलावर उलटा पसरला होता. शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा फिकट, पाहता पाहता रंग बदलणारा. संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत उत्तरेच्या खिडकीतून आलेला उजेड त्या सॅटिनवर उतरे आणि तिथेच रेंगाळे. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी तो घालून नाचलं होतं. त्याचा घेर अजून पुरता थांबलेला नाही, असं हर्षिताला रोज वाटे.

"आई, टच नको करूस हं."

"नागपुरात काय कमी ब्लाउज शिवले मी? मला नको शिकवू." सुजाताबाई हात पाठीशी बांधून वाकल्या.

भिंतीवर एलियट मार्शचं छायाचित्र होतं: ओठांत टाचण्या, उजव्या हातात कात्री. न्यू यॉर्कच्या धनवंत स्त्रिया त्याच्या एकेका गाउनसाठी वर्षभर थांबत. शेजारच्या पडद्यावर प्रदर्शनातल्या कार्डाचा मजकूर होता. हर्षिताच्या पहिल्या प्रदर्शनाचा. पाच वाजता तो छपाईला जायचा होता.

"काय लिहिलंयस गं?"

"की यातला प्रत्येक टाका मार्शने स्वतः घातला. तो स्वतःच तसं सांगायचा."

आई हसली. "थापा मारायचा."

"आई! जीनियस होता तो."

"असेल. असं बेतणं येरागबाळ्याचं काम नाही. पण त्याची कात्री बघ कुठल्या हातात आहे, अन् हे टाके बघ. सगळे उलटे झुकलेत, माझे झुकतात तसे. शिवणारी डावखुरी होती."

हर्षिताने भिंग उचललं. सहा महिने ती या टाक्यांवर ओणवी होती आणि त्यांचा कल तिला एकदाही खटकला नव्हता. लहानपणापासून तिच्या प्रत्येक फ्रॉकला आतून असेच टाके होते.

"जाऊ दे," आई हळूच म्हणाली. "पहिलं काम आहे तुझं. वरच्यांशी वाद नको. शिवणारीला कोण विचारतं?"

पाचला दहा मिनिटं होती. हर्षिताने ती ओळ पुसली. मग तिने लिहिलं: 'बेतणारा: एलियट मार्श. शिवणारा हात: डावा. नाव माहीत नाही.' आणि मजकूर पाठवून दिला.

ती वळली, तेव्हा आईचा डावा हात गाउनच्या काठापासून वीतभर वर, हवेत, सुईशिवाय, एकेक टाका घालत सावकाश पुढे सरकत होता; पलीकडून कुणीतरी दोरा देत असल्यासारखा.