डावा हात

मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर पद्मजाताईंनी तो व्हीआरचा चष्मा आणला आणि पोरांचं रडणंच थांबलं. चष्मा डोळ्यांवर चढवला की समुद्राचा तळ दिसायचा. दातावर ड्रिल फिरत असायचं आणि पोर कासवामागं हरवलेलं असायचं. त्या यंत्राचं किती कौतुक करू, असं ताईंना व्हायचं.

तरीही सवयीनं त्या प्रत्येकाला सांगायच्या, "दुखलं तर डावा हात वर कर, मी लगेच थांबते." चष्मा आल्यापासून एकाही पोरानं हात वर केला नव्हता.

आज कळंब्याच्या बाळासोंच्या लेकीची, क्रांतीची किडकी दाढ काढली. पोरगी हूं की चूं न करता पडून होती.

"वाघीण हाय की माझी!" बाळासो खूश झाले.

दाढ ट्रेमध्ये ठेवताना ताईंना भुलीचं इंजेक्शन दिसलं. ते तसंच भरलेलं होतं. चष्मा लावायच्या नादात द्यायचंच राहिलं होतं.

त्या झटकन क्रांतीकडं वळल्या. "बाळा, दुखलं ना गं? हात का नाही वर केलास?"

"मला कुठं दुखलं?" क्रांतीनं चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "आतल्या पोरीला दुखलं. तिनं केलता की हात वर. तुमी थांबलाच न्हाईसा."

ताईंनी चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला.

निळं पाणी. मासे. संथ जाणारं कासव. आणि त्याच्या मागं, दोन्ही गाल सुजलेली एक पोरगी.

तिचा डावा हात अजून वरच होता.