आमचं शटल

"ह्या नळाचं पानी बी गाडीवानीच हाय बघ," गोजाबाई घागरीच्या तळाकडं बघत कुरकुरली. "एक मिनिट थांबतंय न् जातंय."

सारजाबाई हसली नाही. तिचं लक्ष रुळांकडं होतं. विकून उरलेल्या शेंगांची पाटी तिनं बाकड्याखाली सरकवली होती. साडेचारच्या शटलची वेळ झाली होती.

बाभूळमाळ हॉल्ट हे सोलापूरपासून तिसरं, बिनमास्तरांचं स्टेशन. एके काळी इथं काहीच नव्हतं. वळणावर गाडी मंद व्हायची आणि गिरणीतली माणसं उड्या टाकायची. दोघातिघांचे पाय मोडल्यावर रेल्वेनं फलाट बांधला. मग पत्र्याची शेड आली, तिकिटाची खिडकी आली, आणि गेल्या साली, चौऱ्याहत्तरात, हा नळ. खिडकीत गुरप्पा बसायचा. सकाळी गिरणीची माणसं जायची, दिवस कलला की परत यायची. गाडी थांबायची एकच मिनिट, घड्याळ लावून.

सारजाबाईचा नवरा वीस वर्षं याच शटलनं ये-जा करत होता. त्याचं नाव ती तोंडातून काढत नसे. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं तिची आई सांगायची, आणि सारजाबाईला त्याच्या आयुष्यातला एक दिवसही सोडायचा नव्हता. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा ती इतकं हळू पुटपुटली की सासू म्हणाली, "हिनं नवऱ्याचंच घेतलं का शेजाऱ्याचं, देव जाणे." जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा तिनं शेजारच्या गोजाबाईला हाक मारून पुढं केलं. रेशनकार्डाच्या वेळीही गोजाबाईच. बाकीच्या बायका नवऱ्याला 'आमचं हे' म्हणायच्या. सारजाबाई म्हणायची, 'आमचं शटल'.

आता ते अख्ख्या हॉल्टला पाठ झालं होतं. 'शटल आली' म्हणजे गाडी. 'शटल आलं' म्हणजे सारजाबाईचा नवरा. गुरप्पा रोज खिडकीतून ओरडायचा, "वैनी, शटल आली न् शटल आलं!" सगळा फलाट हसायचा. नवराही हसायचा आणि बायकोची पाटी उचलून स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा. गडीमाणसानं पाटी घेतली म्हणून लोक टोमणे मारायचे. तरी घ्यायचा.

शिट्टी झाली. धूर सोडत इंजिन पुढं गेलं, डबे फलाटाला लागले. माणसं उतरली, कुणी विडी पेटवली, कुणी नळाकडं धावला. सारजाबाईनं पाटी बाहेर ओढली आणि पदर खोचून उभी राहिली.

गर्दी पांगली. मिनिट संपलं. गाडी हलली नाही.

"आज हितंच मुक्काम हाय का काय हिचा?" गोजाबाई म्हणाली.

तिसऱ्या डब्याच्या दारात चार-पाच जण गोळा झाले होते. गुरप्पा खिडकी उघडी टाकून तिकडं पळत गेला. परत आला तो चालत. सारजाबाईपुढं येऊन उभा राहिला.

"वैनी, शटल…"

पुढचा शब्द त्याला सापडेना. 'आली' म्हणावं तर गाडी समोरच उभी होती. 'आलं' म्हणवत नव्हतं.

"झोपल्यात," त्याच्या मागून तात्याबा म्हणाला. तात्याबा गिरणीत तिच्या नवऱ्याच्याच खात्यातला, गाडीत रोज त्याच्या शेजारी बसणारा. "सोलापुरातनं निघाल्यापासनं खिडकीला डोकं लावून झोपल्यात. मी म्हनलं, दमलंय मानूस. झोपू दे."

"मग उठवा की," सारजाबाई म्हणाली.

कुणी जागचं हललं नाही. तात्याबानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

"तुमी हाक मारा, वैनी. तुमच्या हाकंला उठत्याल."

डब्यात चढायला तिला दोघांनी हात दिला. तो खिडकीपाशी बसला होता. डोकं गजांना टेकलेलं, जेवणाचा डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर.

"आवो," ती म्हणाली. "बाभूळमाळ आलं."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "आवो, उठा की. लोकं बघत्यात."

 हात तसाच ठेवून उभी राहिली.

वही घेऊन गार्ड आला. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं. "गाडी सोडायची आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मला लिहून न्यावं लागतं. काय झालं म्हणून लिहू?"

"चक्कर आली आसंल," गुरप्पा म्हणाला.

"उनानं आसंल," कुणीतरी म्हणालं. पौषातलं ऊन ते.

"झोपच लागलीया वो," तात्याबा म्हणाला.

गार्डानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "बरं. नाव तरी सांगा."

नाव सगळ्यांना माहीत होतं. पण ते त्या वहीत गेलं की मग चक्कर नाही, ऊन नाही, झोप नाही. सगळ्यांनी गोजाबाईकडं पाहिलं. ती घागर फलाटावर टाकून मागोमाग चढली होती. सरकारला दोनदा तिनंच तर हे नाव सांगितलं होतं. तिनं तोंड उघडलं. मग पदरच तोंडाशी धरला.

"ऱ्हाऊ दे, गोजा," सारजाबाई म्हणाली.

ती गार्डाकडं वळली. सबंध डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"लिवा, सायेब. आता माझ्या तोंडनं घेतलं तरी चालतंय. महिपती येडू बंडगर."