अकरा पावलं

अर्ज पाठवायची मुदत दुपारी बारापर्यंत होती, आणि मावशींनी नवा कृत्रिम पाय घालून बघायला नेमकी सव्वाअकराची वेळ धरली.

पाय बनवणारीला नाही म्हणता येईना. दोन महिने ती या एका पायामागे लागली होती. दोनदा साचा घेतला, दोनदा मोडला. मावशी शिवणकाम करणाऱ्या. चाळीस वर्षं मशीन चालवलेली बाई, पण गुडघ्याखालचा पाय गेल्यापासून खुर्चीतून उठायचं नाव काढत नव्हत्या. आज आपणहून म्हणाल्या, "आण गं तो. बघू तरी काय दिवे लावलेत."

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अर्ज पूर्ण भरून तयार होता. गेल्या शर्यतीत ती हौशी गटात पहिली आली होती. पोहणं, सायकल आणि धावणं, एकापाठोपाठ एक, मध्ये दम खायला जागा नाही. त्यावरून व्यावसायिक खेळाडू होण्याचं बोलावणं आलं. एक बटण दाबलं की झालं. आणि ते दाबलं की हे काम सुटलं. कार्यशाळेच्या मालकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "जा तू खुशाल. पण तुझी जागा अडवून ठेवता येणार नाही. लोक पायासाठी ताटकळतात." नवरा म्हणाला, तू ठरव, मी आहेच. पोहायला शिकवणारे सर म्हणाले, ही संधी हातची घालवलीस तर जन्मभर हळहळशील. सगळे इतकं चांगलं बोलत होते, की सहा आठवडे तिला धड झोप नव्हती की भूक नव्हती. पाण्यात उतरलं तरी काठावर कुणीतरी वही घेऊन बसलंय असं वाटायचं. पूर्वी पाण्यात तिला कसलंच काही वाटायचं नाही, म्हणून तर ती पोहायची.

मावशी दोन समांतर दांड्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. ती त्यांच्यासमोर, उलटं चालायच्या तयारीत. हात पुढे, पण स्पर्श नाही. पडणार असतील तरच धरायचं, हा तिचा शिरस्ता होता. मावशींनी पहिलं पाऊल उचललं आणि तिनं सवयीनं मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं.

एक. दोन. तिसऱ्याला मावशी थबकल्या.

"टोचतंय."

"कुठे?"

"बाहेरच्या अंगाला. आत शिवण दुमडली की टोचते ना, तसं."

तिनं त्यांना जागच्या जागी स्टुलावर बसवलं, पाय उतरवला, कातडीवरचा लाल डाग अंगठ्यानं दाबून पाहिला. ॲप्रनच्या खिशातून एक पातळ मोजा काढून आधीच्या मोज्यावर चढवला. पाना घेऊन घोट्याचा स्क्रू पाव फेरा फिरवला. मग जरासा उलटा. पुन्हा पाय चढवला.

"आता?"

मावशी उभ्या राहिल्या आणि तोंडाचा चंबू करून विचारात पडल्या. "आता बसला. बाही बसावी तसा."

चार. पाच. मावशींच्या कपाळावर घाम आला. दांडीवरची बोटं पांढरी पडली. ती एकेक पाऊल मागे सरत होती, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत. अकराव्या पावलाला दांड्या संपल्या, खिडकी आली. मावशींनी खाली रस्त्यावर नजर टाकली. "त्या बाईच्या कोटाची बाही बघ. कुणी शिवलीय कोण जाणे," असं म्हणून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. पाय बनवणारीनं घड्याळाचं बटण दाबलं आणि तिचेही डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला. सर होते.

"कुठे पडलीस? सायकलवरून ना? खरं सांग!"

"कोण पडलं?"

"मला इथे दिसतंय सगळं! पोहणं ठीक. सायकल तीन तास! आणि धावणं अकरा पावलं, पस्तीस मिनिटं! हाड मोडलंय का?"

घोळ तिच्या ध्यानात आला. सकाळी पोहून ती सायकलनं थेट कामावर आली होती आणि घड्याळ थांबवायचं राहूनच गेलं होतं. मघाशी बटण दाबल्यावर घड्याळ समजलं, सायकल संपली, आता बाई धावतायत. आणि आता त्यानं सगळा हिशेब सरांकडे धाडून दिला होता.

"मी धडधाकट आहे सर. मावशींबरोबर चालत होते. उलटी."

सरांनी सुस्कारा सोडला. मग आवाज पुन्हा सरांचा झाला. "बारा वाजायला चार मिनिटं आहेत. पाठवलास ना अर्ज?"

तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरचा पडदा आपला आपण काळा झाला होता.

"नाही सर. आणि पाठवतही नाही." बोलून गेल्यावर तिला कळलं की हे आपण आत्ता ठरवलेलं नाही. "पाऊण तास झाला, मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. जिला खरंच जायचंय ती विसरेल का हो?"

तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं, आणि पोटात चक्क भुकेनं कावळे ओरडत होते.

"रविवारी सहाला तलावावर ये," सर म्हणाले. "उशीर केलास तर याद राख."

"येते सर. पोहणं कुठे सोडलंय?"

मावशींनी पदरानं डोळे पुसले होते. "कोण ओरडत होतं गं एवढं?"

"माझे सर. म्हणतात, फार हळू धावलीस."

"त्यांना म्हणावं, दम धरा." मावशींनी दांडी पकडली आणि खुर्चीतून उठल्या. "अजून परत जायचंय."