चिकनची हातोडी

चिकनच्या छातीचे तुकडे भरायचे तर आधी लाकडी हातोडीने ठोकून पातळ करावे लागतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी धपधप आवाजाबद्दल विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं. खरं वाटावं म्हणून पालक-चीजचं सारण, दोऱ्याने बांधणं, ओव्हनमधली पंचवीस मिनिटं, सगळं सांगत बसले. काकूंनी कृती लिहूनही घेतली. नवऱ्याला ही थाप इतकी आवडली की पुढे तो हात उगारण्याआधीच म्हणायचा, "चल, चिकन करू."

आज संध्याकाळी त्याने माझं डोकं तीनदा ओट्यावर आपटलं. चौथ्यांदा केस धरले तेवढ्यात बेल वाजली. मी ओठावरचं रक्त पुसलं. त्याने हसतच दार उघडलं.

"आवाज आला का, काकू? काही नाही हो, ही चिकन ठोकतेय. मुलं मागेच लागली होती."

काकू माझ्या सुजलेल्या कपाळाकडे बघत राहिल्या. मग पाठीमागे धरलेला हात त्यांनी सावकाश पुढे आणला.



"कशाने ठोकतेय? तुमची हातोडी तर रविवारपासून माझ्याकडे आहे."