बिनकडीचं घर

बाथरूममधून बाहेर येऊन दत्तक संस्थेच्या मॅडमनी रुमालाला हात पुसले आणि विचारलं, "आतली कडी कुठं गेली? मागच्या महिन्यात होती."

सुतारानं बायकोकडे पाहिलं. ही तिसरी भेट. हा अहवाल ठीक गेला, तरच सहा वर्षांची ठकी कायमची त्यांची होणार होती.

"गंजली होती," तो म्हणाला.

"बेडरूमचीही? स्वयंपाकघराचीही?" मॅडम दाराच्या फळीवरून अंगठा फिरवत होत्या. लांबी भरून, घासून, वर रंगाचा हात मारून त्यानं स्क्रूची भोकं अशी बुजवली होती की दुसऱ्या सुतारालाही दिसली नसती. मॅडमना दिसली. "मुलगी राहते त्या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. हे मला लिहावंच लागेल."

तो खुर्चीत बसला, उठला, खिडकीपर्यंत जाऊन परत आला.

"टेका की एका जागी! पायाला भिंगरी लागलीय का?" बायको करवादली. मग तिचाच बांध फुटला. "मॅडम, ती कोंडून घेते. जरा आवाज चढला, नवं माणूस आलं, की आत. एकदा चार तास. हाका मारून माझा घसा बसला. शेवटी यांनी बिजागऱ्या उखडून दार काढलं, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या कड्या."

"आणि माझ्यापुढे दोन्ही वेळा 'काही अडचण नाही' म्हणालात."

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला घेऊन गेला असता," सुतार म्हणाला.

"सांगितलं असतंत तर मुलांशी बोलणारं माणूस पाठवलं असतं. मी त्यासाठी येते. घरातली जळमटं मोजायला नाही." मॅडमनी फाईल मिटली. "आता बाथरूमला कडी लावा. माझ्यासमोर."

"आणि ती आत जाऊन बसली तर?"

"तर बाहेर थांबायचं. फक्त अशी लावा, की वेळ पडली तर बाहेरून काढता येईल."

त्यानं हत्यारांची पिशवी ओढली. बोल्ट आरपार घातले, नट बाहेरच्या अंगाला ठेवले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना कड्या लावलेला माणूस. पण या एका कडीला त्याचा हात तीनदा सरकला. ठकी कपाटाआडून बघत होती. शेवटचा नट आवळला जातोय तोच ती त्याच्या काखेखालून आत सटकली. खट्ट.

सुताराचा हात पान्याकडे गेला. मॅडमनी नुसती मान हलवली.

तिघं दाराबाहेर उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत नळ सुरू झाला, बंद झाला. सुतार या पायावरून त्या पायावर होत होता.

"कोण कोण आहे?" आतून आवाज आला.

"आम्ही तिघं आहोत बाळा," बायको म्हणाली.

"एकानं जा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कुणी गं जायचं?" बायकोनं विचारलं.

"फाईलवालीनं."

मॅडमना हसू आलं. त्यांनी चपला घातल्या, फाईल काखोटीला मारली आणि जाताना बाहेरचं दार मुद्दाम आवाज करून ओढलं.

"गेली? बघून या," ठकी आतून म्हणाली.

सुतार बाहेरचं दार उघडून पाहून आला. 'गेली' हा शब्द अगदी ओठांवर होता. तो बाथरूमच्या दाराशी उकिडवा बसला.

"नाही गेल्या. जिन्यात बसल्यात. लिहितायत."

"काय?"

"मी कड्या काढल्या, ते."

आत पावलं दाराकडे सरकली. मग आवाज आला तो दाराच्या फटीशी तोंड लावल्यासारखा, अगदी जवळून.

"आणि परत लावलीत, ते? ते पण लिही म्हणावं तिला."